बेबीनंदाने निवडलेले शब्द

दिनांक १८ मार्च २००९, बुधवार, दुपारी सव्वाबारा. स्थळ, जालना औद्योगिक वसाहतीतील द्वारका इंजिनिअरिंग वर्क्स या कारखान्याचे कार्यालय. या दिवशी कारखान्याचे मालक जगन्नाथराव यांनी सौ. बेबीनंदा तातेराव उगले यांना पुढील प्रमाणपत्र दिले: "सौ. उगले या आमच्याकडे चौदा महिने टेलिफोन घेण्याचे काम करीत होत्या. त्यांची वर्तणूक चांगली आहे." खाली सही, शिक्का. दुसरे वाक्य सत्य आहे. पहिल्या वाक्यात जे लिहिले ते खोटे नाही, पण जे लिहिले नाही त्यामुळे ते संपूर्ण वाक्य खोटे ठरते. ही तक्रार मी नोंदवीत आहे, कारण ते प्रमाणपत्र मीच टंकलिखित केले होते.

बेबीनंदाला ते प्रमाणपत्र कपाटात ठेवण्यासाठी नको होते. जालन्यातील एका बियाणे कंपनीने शेतकऱ्यांसाठी दूरध्वनी आणि इंटरनेट असा एक नवा विभाग काढला आहे. तिथे एक जागा आहे. इंटरनेटवरील जाहिरातींसाठी शब्द निवडण्याचे काम केल्याचा लेखी पुरावा मागितला आहे आणि अर्जाची मुदत ५ मे आहे. पदवीची अट नाही, हे त्या कंपनीचे शहाणपण. पण पुराव्याची अट आहे. पुरावा नसेल तर तिचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळणार. ती बारावी उत्तीर्ण आहे. अशा जागा या जिल्ह्यात वर्षाला दहा निघत नाहीत. मला ठाऊक असलेली ही पहिली.

ही बाई कोण, हे सांगितल्याशिवाय माझ्या तक्रारीला अर्थ येणार नाही.

बेबीनंदा अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीची. वडील भुजंगराव, घरची कोरडवाहू जमीन, कापूस आणि पुढे सोयाबीन. १९९३ च्या सुमारास भुजंगरावांनी गावच्या चौकात चहाच्या टपरीला लागून पिवळ्या पाटीचा सार्वजनिक फोन घेतला. ते दिवसभर शेतात असत. फोनजवळ बसायची चौदा वर्षांची बेबीनंदा, शाळा सुटल्यावर. मुंबई, पुणे, सुरत इथून कोणाकोणाचे फोन यायचे, आणि ज्याच्यासाठी आला त्याला बोलावून आणणे शक्य नसेल तर निरोप घ्यायचा. सुरुवातीलाच तिच्या हातून एक चूक घडली. एका जावयाने सांगितले होते, "दिवाळीला जमलं तर येतो." तिने सासूला निरोप दिला, "दिवाळीला येतो." सासूने बोकड राखून ठेवला, जावई आला नाही, आणि दोन घरांचे बोलणे वर्षभर बंद पडले. भुजंगरावांनी तिला मारले नाही, फक्त म्हणाले, "बाई, मान्सानं जे म्हन्लं तेच लिहायचं. तुझ्या मनातलं त्यात घालायचं न्हाई." तेव्हापासून ती फोनवरचा शब्द वहीत जसाच्या तसा उतरवू लागली. अडखळणेसुद्धा. कोणी "ते... हे... आईला म्हणावं" असे म्हटले, की ती "ते... हे..." लिहायची.

लग्न होऊन ती जुन्या जालन्यात आली. नवरा तातेराव मालवाहू टेम्पो चालवतो. एक मुलगी आहे. तिला सासू साळूबाई सांभाळतात. जानेवारी २००८ मध्ये ती आमच्या कारखान्यात फोन घ्यायला लागली. आमचा कारखाना छोट्या दाळ मिलची यंत्रे बनवतो. एका खोलीत मावेल असे यंत्र. वरून तूर, मूग, हरभरा ओतायचा, खालून दाळ. मी तिथे अर्धवेळ पत्रव्यवहार पाहतो. एम.ए. असल्याचा उल्लेख करतो तो मिरवण्यासाठी नाही. पुढे घडलेल्या मूर्खपणात त्या पदवीचा वाटा आहे म्हणून.

फेब्रुवारीत जगन्नाथरावांनी ठरवले की इंटरनेटवर जाहिरात करायची. ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणूस संगणकावर काहीतरी शोधण्यासाठी शब्द लिहितो. ते शब्द आपण आधीच सांगून ठेवले असतील तर उत्तरांच्या शेजारी आपली जाहिरात दिसते. दिसण्याचे पैसे लागत नाहीत. त्याने जाहिरातीवर क्लिक केले की मात्र आपल्या खात्यातून पैसे कापले जातात, मग तो यंत्र घेवो अथवा नुसता डोकावून जावो. म्हणजे सारा व्यवहार एकाच प्रश्नावर उभा असतो: कोणते शब्द सांगून ठेवायचे?

जगन्नाथराव म्हणाले, "सर, तुम्ही लिहा. भाषेचं काम आहे."

मी तीन दिवस बसून एकसष्ट शब्दांची यादी केली. कडधान्य प्रक्रिया संयंत्र. द्विदल धान्य विदलन यंत्रणा. ग्रामीण उद्योजकता साधने. यांची इंग्रजी रूपे. जगन्नाथरावांनी त्यात भर घातली: नामांकित, विश्वसनीय, जालन्यातील अग्रेसर. विकत घेणारा माणूस संगणकासमोर बसून "विश्वसनीय" हा शब्द कशासाठी लिहील, हे आम्हा दोघांपैकी कोणालाही सुचले नाही. आम्ही दुकानाची पाटी रंगवीत होतो आणि समजत होतो की जाहिरात करतो आहोत.

आणखी एक गोष्ट घडली. जगन्नाथरावांच्या घरी कोणतीही यादी, मग ती किराण्याची असो की लग्नाच्या निमंत्रितांची, राजूरच्या गणपतीचे नाव घातल्याशिवाय सुरू होत नाही. माझ्याही यादीच्या माथ्यावर "श्री राजुरेश्वर गणपती प्रसन्न" होते, रोमन अक्षरांत, कारण सारी यादीच त्या अक्षरांत होती. जाहिरातीचे खाते उघडून देणाऱ्या इंटरनेट कॅफेतल्या माणसाने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे उचलले आणि शब्दांच्या रकान्यात ओतले. गणपती हा आमचा पहिला कीवर्ड झाला. शिवाय शब्द तंतोतंत जुळण्याची गरज नसे. जवळपासचे असले तरी जाहिरात वर येई.

मार्चातली अंगारकी आली. त्या दिवशी राजूरला काय गर्दी असते हे जालन्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. सकाळी साडेनऊपासून कार्यालयातला फोन वाजू लागला. जगन्नाथराव खुर्चीत ताठ बसले. "लागली बघा जाहिरात! बेबीनंदा, प्रत्येकाचा पत्ता घे."

मी समोरच होतो. तिचे बोलणे मला जसे ऐकू आले तसे लिहितो.

"हां दादा, बोला. ... न्हाई, आरतीचं मला म्हाईत न्हाई. ... अहो हे मंदिर न्हाई, दाळीच्या मशीनचा कारखाना आहे. ... गाड्या कुठं लावायच्या ते मी कसं सांगू? ... शोधताना काय लिहिलं होतं, दादा? ... बरं, ठेवते."

पुन्हा फोन.

"हां मावशी. ... न्हाई हो, प्रसाद आमच्याकडं न्हाई. ... फोटो गनपतीचाच आहे, पर खाली वाचलं का? खाली मशीन आहे. ... काय लिहून शोधलं होतं, मावशी? ... माफी करा, ठेवते."

संकेतस्थळाच्या माथ्यावर आम्ही गणपतीचे छायाचित्र लावले होते, तेव्हा लोकांचा तरी काय दोष? दुपारी दोनपर्यंत सव्वीस फोन आले आणि महिन्याभरासाठी ठेवलेली रक्कम संपली. जगन्नाथराव उठले, बसले, पुन्हा उठले. "या इंटरनेटवाल्यांनी बिलकुल लुबाडलं आपल्याला." मी त्यांना दुजोरा दिला. एक कडक तक्रारपत्र लिहायलाही घेतले.

बेबीनंदा दारात येऊन उभी राहिली. "सर, लुबाडलं बिबाडलं न्हाई. ही मान्सं गनपती शोधून राह्यली आणि आपुन त्यांच्या रस्त्यात उभं राह्यलोय. तुमच्या यादीत गनपती आहे का?"

"ती यादीची सुरुवात आहे. मंगलाचरण."

"मशीनला मंगलाचरन कळतं का, सर?"

जगन्नाथराव खेकसले, "तू फोन बघ."

"फोनच बघून राह्यले साहेब," ती म्हणाली. "सव्वीस मान्सांशी बोलले. सव्वीसांनी काय लिहून शोधलं ते इचारलं. ही वही."

तिने वही पुढे केली. प्रत्येक फोनपुढे वेळ, गाव आणि त्या माणसाने संगणकात लिहिलेले शब्द. जावयाच्या निरोपापासून लागलेली तिची सवय सुटलेली नव्हती. ती वही वाचताना माझ्या तक्रारपत्राचा कागद माझ्याच हाताखाली होता. मी तो घडी करून खिशात घातला.

आता मुख्य गोष्ट. एप्रिल २००८ पासून बेबीनंदा फोनवर येणाऱ्या प्रत्येकाला किंमत सांगण्याआधी एक प्रश्न विचारू लागली: "आम्हाला शोधताना काय लिहिलं होतं?" लोक चिडत. कोणी म्हणे, तुम्हाला काय करायचे आहे? ती हसून म्हणे, "मला शिकायचं आहे, दादा." मग ते सांगत. तिला हळूहळू कळले की यंत्र घेणारा आणि शब्द लिहिणारा हे बहुधा दोन वेगळे लोक असतात. घेणारा यवतमाळचा, बिदरचा, बेतुलचा बाप. लिहिणारा पुण्यात किंवा हैदराबादेत कचेरीत बसलेला त्याचा मुलगा. त्या मुलाला कडधान्य प्रक्रिया संयंत्र हे शब्द स्वप्नातही येत नाहीत. तो लिहितो, दाळ बनवायची मशीन. हिंदीवाला लिहितो, दाल बनाने की मशीन. तिने माझे एकसष्ट शब्द समोर ठेवले आणि पेन्सिलीने एकेक काट मारत गेली.

"हा ठेवू का, सर? द्विदल?"

"शुद्ध शब्द आहे तो."

"शुद्ध आहे हो. पर दोन महिन्यांत कोनी म्हन्ला न्हाई."

एकसष्टपैकी चार उरले. मला राग आला होता, हे नाकारत नाही. पण तिच्या हातातली पेन्सिल हट्टाने चालत नव्हती. वहीतली नोंद पाहून चालत होती, आणि नोंदीपुढे माझ्या विद्वत्तेचा इलाज नव्हता.

दुसरी गोष्ट तिने केली ती नको असलेल्या शब्दांची. केवळ "दाळ मिल" या शब्दावर फोन पुष्कळ यायचे, पण त्यांत निम्मे नोकरी मागणारे. अकोल्याच्या, लातूरच्या मोठ्या दाळ मिलमध्ये हमालीची, मुनीमाची जागा आहे का, असे विचारणारे. काही तुरीचा आजचा भाव विचारणारे. एक बाई तर वरण पातळ का होते ते विचारीत होती. बेबीनंदाने तिला ते सांगितलेही. मग तिने स्वतंत्र पान केले, त्यावर लिहिले, "यांच्याम्होरं जायचं न्हाई": नोकरी, जागा, भाव, रेट, पाककृती, वरण. जाहिरातीच्या पद्धतीत अशी सोय असते की अमुक शब्द आला तर आपली जाहिरात दाखवू नये. ती सोय आहे हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिने कॅफेतल्या माणसाला विचारले, "न्हाई म्हनायची जागा कुठं असती यात?" त्याने शोधून दिली.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत मोठी. जूनमध्ये वहीची पाने उलटताना तिने मला विचारले, "सर, ज्यांनी मशीन नेलं त्यांची नावं तुमच्या पत्रांत असतील ना? वाचून दाखवा." मी वाचत गेलो, ती आपल्या वहीत खुणा करत गेली. अकरा जण. अकरांपैकी आठ जणांनी पहिल्या फोनवर एकच गोष्ट विचारली होती: सिंगल फेजवर, म्हणजे घरातल्या साध्या वीजजोडणीवर, चालते का?

"म्हंजे काय झालं बघा," ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. ती पूर्ण खुर्चीत कधी बसतच नसे. "किती किलो दाळ निघती ते समदेच इचारतात. घ्यायचं नसलं तरी इचारतात. पर सिंगल फेज कोन इचारतो? ज्यानं घरातली जागा बघितली, बटन बघितलं, घरात तीन फेज न्हाई हे ध्यानात आलं. त्यानं मशीन मनात घरी आनलंय, सर. आता फकस्त दारातून आत यायचं राह्यलं."

मी तिला म्हटले, हा तर तर्कशास्त्रातला उत्तम युक्तिवाद आहे. ती म्हणाली, "असू द्या. ते यादीत घाला जल्दी."

"सिंगल फेज दाळ मिल" हा शब्द असा यादीत आला. महिन्याला तो शोधणारे जेमतेम पन्नास-साठ लोक. पण त्या पन्नास-साठांतले कित्येक फोन करीत आणि फोन करणाऱ्यांतले बरेच यंत्र नेत. बाकीच्या शब्दांची रक्कम कमी करून तिने याच शब्दावर ठेवायला लावली. जगन्नाथराव कुरकुरले, पण दिवाळीपर्यंत मागणी अशी वाढली की वेल्डिंगवर दोन माणसे जास्त घ्यावी लागली.

त्या काळातली ती मला आठवते ती सतत हलणारी. रोजचे भारनियमन, वीज दुपारी एकला आली की ती संगणकाकडे धावे. कोणता शब्द किती वेळा दिसला, कितींनी क्लिक केले. एक शब्द दोन आठवडे चालला तरी तिला स्वस्थता नसे. "आज चालला, उद्या चालंल कशावरून?" हरभरा निघाला की ती हरभऱ्याचे शब्द पुढे आणी, तुरीच्या वेळी तुरीचे. बाजारच्या दिवशी साळूबाई नातीला घेऊन येत आणि दारातून हाक मारीत, "बेबे, त्या पेटीत काय हुडकत असती गं? पोरीला ताप आलाय." ती उठे, मुलीच्या कपाळावर हात ठेवी आणि त्याच हाताने पुन्हा माउस धरी. तातेराव चेष्टेने म्हणे, "आमची बायको झोपेत बी इचारती, काय लिहिलं होतं?" तिच्या त्या अस्वस्थतेवर कारखाना चालला होता. माझ्या स्वस्थतेवर नव्हे.

ऑक्टोबरात जगन्नाथरावांचे जावई पुण्याहून आले. ते तिथे एका संगणक कंपनीत आहेत. त्यांनी तासभर पडद्याकडे पाहिले. "ही यादी कोणी केली?"

"आपल्या ऑफिसनं," जगन्नाथराव म्हणाले.

मी तिथे होतो. बेबीनंदा बाहेर फोनवर होती. मी म्हणू शकलो असतो की बेबीनंदाने केली. मी म्हणालो नाही. आपल्या ऑफिसात मीही येतो, असा एक क्षुद्र आनंद मला त्या वेळी झाला होता.

फेब्रुवारी २००९ च्या आरंभी व्यापाऱ्यांच्या एका सभागृहात या जावईबापूंचे व्याख्यान झाले. विषय, छोट्या उद्योगासाठी इंटरनेट जाहिरात. पडद्यावर बेबीनंदाची यादी होती, नको असलेल्या शब्दांचे पानही होते. त्यांनी ते सारे "आमची पद्धत" म्हणून सांगितले. श्रोत्यांतून राजूरचे एक शेती-अवजारांचे दुकानदार, मच्छिंद्रराव, उभे राहिले.

"साहेब, शोधनारे तर पन्नासच दिसून राह्यले. मंग या सिंगल फेजवर इतका जोर कशापायी?"

जावईबापू म्हणाले, "आकडे तसं सांगतात."

"आकडे सांगतात ते दिसलं. पर आकडे तसं का सांगतात?"

"त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं," असे म्हणून जावईबापूंनी पुढचे चित्र लावले. मच्छिंद्रराव खाली बसले. मी तिसऱ्या रांगेत होतो. उत्तर मला ठाऊक होते. घरातले बटन, तीन फेज नसणे, मनात घरी आणलेले यंत्र. उठून दोन वाक्ये बोलायची होती. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी नगरपरिषदेला, वीज मंडळाला, टपाल खात्याला मिळून शेकड्याने तक्रारअर्ज लिहिले असतील. त्या संध्याकाळी मी खुर्चीतून उठलोच नाही.

महिनाअखेर बेबीनंदाला कामावरून कमी करण्यात आले. कारण असे सांगितले की यादी आता तयार आहे आणि फोन पुण्यातील एक संस्था घेईल. तिच्या तीन वह्या कारखान्याची मालमत्ता म्हणून कपाटात बंद झाल्या. जावईबापूंनी "सिंगल फेज" हा शब्द शोधणारे थोडे म्हणून काढून टाकला आणि "दाळ मिल" हा मोकळा शब्द परत आणला. नको असलेल्या शब्दांचे पानही नव्या खात्यात भरायचे राहून गेले. आता क्लिक तिपटीने होतात. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात एकही यंत्र त्या वाटेने गेले नाही. जगन्नाथराव म्हणतात, मंदी आहे.

१८ मार्चला ती प्रमाणपत्रासाठी आली. उभी राहूनच बोलली.

"साहेब, शब्द निवडायचं काम केलं तेवढं लिहा. बाकी काही नको."

"अगं, तू फोन तर घेत होतीस. शब्दाचं काम जावईबापूंचं. आता मी तुला तसं लिहून दिलं तर त्यांच्या व्याख्यानाचं काय?"

"त्यांचं बी लिहा, माझं बी लिहा."

"असं कसं? एक काम दोघांनी कसं केलं?"

"एकीनं केलं, साहेब. एकानं सांगितलं."

जगन्नाथराव वाईट माणूस नाहीत. ते खिडकीबाहेर पाहू लागले. "फोन घेणं काय कमी काम आहे का? चांगलंच काम आहे."

"फोन घेनं समद्यांना येतं. ऐकनं इचारा कोनाला येतं." तिचा आवाज चढला नाही, पण हातातली पिशवी ती सारखी या हातातून त्या हातात घेत होती. "माझ्या वह्या तरी द्या. एक द्या."

"त्यात गिऱ्हाइकांची नावं आहेत. धंद्याच्या गोष्टी बाहेर जात नसतात."

मग ते माझ्याकडे वळले. "सर, टाइप करा. टेलिफोन."

मी टाइप केले. तिने कागद वाचला, घडी घातली आणि मला म्हणाली, "सर, दुसरी ओळ तुमची दिसती. वर्तणूक." तेवढे बोलून ती गेली.

त्यानंतर मी तीन वेळा जगन्नाथरावांना लेखी विनंती केली. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला तोंडी उत्तर, की सर, घरचा मामला आहे. तिसऱ्यानंतर माझ्या अर्धवेळ नोकरीचा विषय निघाला. मी स्वतः तिला माझ्या सहीचे पत्र दिले आहे. बियाणे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ते वाचले आणि सौजन्याने विचारले, "आपण त्या कारखान्याचे कोण?" अर्धवेळ पत्रलेखकाची साक्ष मालकाच्या शिक्क्यापुढे टिकत नाही, हे त्यांनी न बोलता सांगितले. पण जाता जाता ते असेही म्हणाले, की ज्यांनी फोन केला त्या गिऱ्हाइकांपैकी काही जणांनी लिहून दिले तर विचार करता येईल.

त्या गिऱ्हाइकांची नावे कुलूपबंद वह्यांत आहेत. माझ्या पत्रव्यवहाराच्या फायलीही जगन्नाथरावांनी आता त्याच कपाटात ठेवल्या आहेत. पत्ते बेबीनंदाला आठवत नाहीत. तिला माणसांची वाक्ये आठवतात. काल ती साळूबाईंच्या ओट्यावर बसून मला एकामागून एक सांगत होती. उमरखेडचे कोणी, "पोरगं म्हणतं घ्या, मी म्हणतो वीज कुठाय." भालकीचे कोणी, "बाईमाणसाला उचलंल का हो ते?" तिने अशी तेवीस वाक्ये सांगितली, मी ती लिहून घेतली. बोलणाऱ्याचे नाव एकाही वाक्याबरोबर आले नाही.

म्हणून, वाचकहो, मी तुमच्याकडे सहानुभूती मागत नाही. एप्रिल २००८ ते फेब्रुवारी २००९ या काळात तुम्ही किंवा तुमच्या घरच्या कोणी दाळीच्या यंत्रासाठी जालन्याला फोन केला असेल, आणि किंमत सांगण्याआधी एका बाईने "आम्हाला शोधताना काय लिहिलं होतं?" असे विचारले असेल, तर साध्या कागदावर पाच गोष्टी लिहा: तुमचे नाव, गाव, फोनचा अंदाजे महिना, तिने विचारलेला प्रश्न आणि तुम्ही दिलेले उत्तर. यंत्र घेतले असो वा नसो. खाली सही करा. पाकिटावर सौ. बेबीनंदा तातेराव उगले, जुना जालना, असे लिहून ते २८ एप्रिलपूर्वी टपालात टाका. गाव लांबचे असून टपाल पोचायला उशीर होणार असेल, तर आजच टाका.